साहेबांच्या डोक्यावरची काच

६ जानेवारी

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस, असं विचारलं आहेस. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. कागद मधे बोलत नाही. हे मला लग्नाआधी सुचलं असतं तर आपण दोघंही सुखी झालो असतो.

विचारलंस तेवढ्याची उत्तरं देते. आई बऱ्या आहेत. तुझ्याकडे राहायला येणार का, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “मुलगा माझा आहे, पण घर हिचं आहे, आणि मला घर आवडतं.” तुझ्या आईचे शब्द आहेत, मी एक अक्षर बदललेलं नाही. जगात नवरे बायकोला टाकून आईकडे जातात म्हणे. तू बायकोकडे आईला टाकून गेलास, आणि तिला ते मानवलंसुद्धा.

दुकान चालू आहे. विकणार नाही. ज्या टेबलावर बाबांनी मला पहिल्यांदा काच कापायला शिकवलं, त्याच टेबलावर हे लिहितेय. समोर चार फ्रेमा वाळत टाकल्यात. तुझ्या तिकडच्या नोकरीत कितीही मोठी खुर्ची असो, मी माझं टेबल सोडून त्या खुर्चीच्या शेजारी स्टूल टाकून बसणार नाही. जाताना दारात उभा राहून तू मला ऐकवलं होतंस, “सरड्याची धाव कुंपणापर्यंत.” वर आपला सरडा मात्र माझ्याच कुंपणात ठेवून गेलास. घर लागलं की नेतो, म्हणालास.

आता त्याच्याबद्दल. तू त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतोस. आई त्याला साहेब म्हणतात, कारण तो समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतो, आणि त्यामुळे आपलं काहीतरी चुकलंय असं आपल्याला वाटत राहतं. घरात आता तेच नाव चालतं. साहेब ठीक आहेत. जरा कमी जेवतात. तुझ्या मते एव्हाना ते हातभर लांब व्हायला हवे होते. तू गेलास तेव्हा पेन्सिलीएवढे होते, अजूनही पेन्सिलीच्याच आसपास आहेत. सगळ्यांचीच मुलं ताडमाड वाढत नाहीत.

आणि तू त्यांना ज्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवलं होतंस ना, वर गंजकी जाळी आणि जाळीवर दोन दिवे, ते मी भंगारात दिलं. साहेबांना मी घर बांधलंय. चारी बाजूंनी काच, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, हवेला फटी ठेवलेल्या. वर दिव्यांच्या खाली पण एक काच. आमच्या धंद्यात दिव्याखाली काही उघडं ठेवत नाहीत. बल्ब फुटला की तापलेले तुकडे खाली येतात, लहानपणी बाबांच्या हातावर पडलेले मी बघितलेत. आणि ती वरची काच साधी नाही. जुन्या चित्रांना, कच्च्या रंगांना लावते ती, दुकानातली सगळ्यात उत्तम. इतकी स्वच्छ की आईंनी साहेबांना भरवायला वरून हात घातला तो काचेवर आपटला. तू त्यांना काय दिलं होतंस ते आठव, आणि मग मला सांग कोण सांभाळतंय.

२३ जानेवारी

उंटावरून शेळ्या हाकणं तुला चांगलं जमतं. तुझ्या सूचना वाचल्या. त्यातली एकही अशी नाही जी मी तुझ्या आधी केली नाही.

जिथे ऊन शेकायचा दगड आहे तिथे हात लावला तर चटका बसेल इतकं तापतं, थर्मामीटर लावून बघितलंय. रातकिडे त्यांच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठे नसतात. मी चष्मा लावून निवडते, आई नाक दाबून निवडतात. कॅल्शियमची पूड आम्ही दोघी लावून देतो. कोवळा पाला बारीक चिरून ठेवतो, वर किसलेला भोपळा, रंगाने तरी मन वळावं म्हणून. साहेब येतात, पाल्याकडे बघतात, पाल्याच्या मागच्या भिंतीकडे बघतात, आणि डोळे मिटून घेतात. रातकिडा नाकावर चढला तरी तोंड उघडत नाहीत.

मधे एक गोष्ट कळली. साहेबांची गळ्याखालची काटेरी दाढी सारखी काळी व्हायची, फुगायची. राग आला की तसं करतात, हे तूच सांगितलं होतंस. पण राग कोणाचा, ते कळेना. मग आईंनी खाली बसून, मान वाकडी करून त्यांच्या उंचीवरून बघितलं आणि हसायलाच लागल्या. काचेत त्यांना स्वतःचंच तोंड दिसत होतं. मी रोज काच इतकी पुसत होते की साहेबांना चोवीस तास एक शत्रू समोर बसलेला दिसायचा. आईंनी तीन बाजूंनी बाहेरून जाड खाकी कागद लावला. दाढी निवळली. एक दिवस चार घास जास्तही गेले. मग पुन्हा होतं तेच.

तू लिहितोस, “माझ्याकडे असताना तो भरपूर खायचा.” माझ्याकडे असताना तूही भरपूर खायचास, त्याचं कौतुक मी कधी पत्रात लिहिलं नाही.

आणि हो, तुझी खुर्ची. खिडकीशीच आहे ना, हलवू नका, घर जसं आहे तसं असू दे, असं तू दोनदा लिहिलं आहेस. खुर्ची हलवली. ती आता दुकानात आहे, आई तिच्यात बसून फ्रेमा पुसतात. खिडकीशी साहेबांचं घर ठेवलंय. तू परत येशील तेव्हा सगळं जागच्या जागी असावं असं तुला वाटत असेल, तर तू जागचा हलायला नको होतंस.

९ फेब्रुवारी

कळलं. महिनाअखेरीस येतोस आणि त्याला घेऊन जातोस. तुझ्या ऑफिसातल्या कोणाकडे असे तीन आहेत, त्याला सगळं कळतं. तिन्ही धष्टपुष्ट आहेत. अभिनंदन.

आता ऐक. बल्ब जुना झाला असेल असं तू म्हणालास, म्हणून नवा आणला. त्या दिव्याचा उजेड तसाच दिसतो पण त्यातलं ऊन संपून जातं, हे मलाही दुकानदाराने सांगितलं. नवा लावला. फरक पडला नाही. आणि मागच्या पत्रात मी तुला एक सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू मिळेल त्या गाडीने आला असतास. साहेबांचा मागचा एक पाय थरथरतो. चालताना पोट उचलत नाहीत, ओढत नेतात.

मी त्यांना टोपलीत घातलं, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी आहे, पण हात सावकाश चालतो. तिने एका पातळ कार्डाने साहेबांचं तोंड उघडलं, जबडा दोन बोटांत धरला आणि मलाही धरायला सांगितला. रबरासारखा दबला. मी आयुष्यात इतक्या नाजूक काचा हातात धरल्या, पण माझी बोटं कधी अशी घाबरली नव्हती.

तिने सांगितलं ते असं. हाडं मऊ झालीत. पूड पोटात जाते पण अंगी लागत नाही. ती अंगी लागायला उन्हातलं काहीतरी कातडीवर पडावं लागतं, ते पडत नाहीये. म्हणून भूक नाही, म्हणून वाढ नाही. असंच राहिलं तर हा उन्हाळा काढणार नाही. मग तिने सगळं विचारलं. दिवा कोणता, किती उंचीवर, कधी बदलला. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “दिवा आणि तो, यांच्या मधे काही आहे का?” मी म्हटलं, “काही नाही.” तिने पातळ औषध लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ तोंडाच्या कडेला थेंब लावायचा, ते जीभ काढून चाटतात.

चाटतात. म्हणजे अजून त्यांना काहीतरी हवंय. हे तुझ्या तीन धष्टपुष्टवाल्याला सांग.

तू ये. दार तुला माहीत आहे. पण मरायला टेकलेलं जनावर मी टोपलीत घालून तुझ्या हातात देणार नाही, आणि बरं झालेलं तर मुळीच देणार नाही. रिकाम्या हाताने जायची तयारी ठेवून ये.

३ मार्च

तू काम निघालं म्हणून आला नाहीस, ते एका अर्थी बरं झालं. कारण आता जे लिहितेय ते तुझ्या तोंडावर सांगायला मला जड गेलं असतं, आणि तू ते मधेच तोडलं असतंस.

काल दुकानात एक म्हातारे शिंपीकाका आले. त्यांच्या नातीने काढलेलं चित्र फ्रेम करायचं होतं. स्केचपेनने काढलेलं. एक घर, वर दात काढून हसणारा सूर्य, आणि घराएवढी कात्री घेतलेले आजोबा. नात आता मोठी झाली, लांब गेली. “रंग उडणार नाहीत ना?” काका तीन-तीनदा विचारत होते. स्केचपेनचे रंग फार कच्चे असतात, उन्हात चार महिन्यांत जातात. मी माझी नेहमीची काच काढली, दोन बोटांवर तोलून धरली आणि बाबांनी शिकवलेलं सुरू केलं. “काका, ही लावली की उजेड आत येतो, पण उन्हातलं जे रंग खातं ते बाहेरच राहतं. हिच्या मागे वर्षानुवर्षं काही बदलत नाही.”

काका म्हणाले, “म्हणजे आहे तसंच राहील?”

“आहे तसंच,” म्हटलं. आणि काकांच्या खांद्यावरून, घरात उघडणाऱ्या दारातून, मला खिडकीतले साहेब दिसत होते. त्याच काचेखाली. पेन्सिलीएवढे. आहेत तसेच.

काकांना तसंच उभं ठेवून मी धावले. दिवे बाजूला केले आणि ती काच नुसत्या हाताने ओढून काढली. बोटं भाजली. आई ओरडत आल्या, काय झालं म्हणून. मी काच त्यांच्यासमोर धरली. त्यांनी काचेकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा होय,” म्हणाल्या, आणि माझे हात नळाखाली धरले. शिंपीकाका बिचारे चित्र छातीशी धरून आमच्या तिघांकडे बघत होते.

डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, साधी काच असती तरीही अडलं असतं, तुमच्या काचेने जरा जास्त नीट अडवलं. मग तिने विचारलं, मधे काही नाही असं का सांगितलंत? मी म्हटलं, बाई, चांगल्या काचेचं कामच ते, मधे काही नाही असं वाटायला लावणं. मी खोटं बोलले नाही. माझ्या जन्मात मी काचेला ‘काहीतरी’ म्हणून मोजलंच नाही.  यावर ती म्हणाली, ऊन असेल तेव्हा खिडकी उघडून बसवा, उघड्या उन्हासारखा दिवा अजून कोणी बनवला नाही. बल्बसाठी आता तारेची सैल जाळी केलीय. फुटलाच तर जाळी झेलेल.

हे मी तुला सांगितलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं. आई बोलल्या नसत्या, साहेब तर बोलतच नाहीत. तरी सांगते. तुझ्याकडे असताना ते खात होते, हे खरं आहे. तुझ्या त्या भिकार खोक्यावर गंजकी जाळी होती आणि तिच्यातून ऊन जात होतं. मी माझ्याकडचं सगळ्यात चांगलं त्यांच्या डोक्यावर धरलं आणि त्यांना उपाशी ठेवलं. काल मी खूप रडले. तुझ्या जाण्यावर रडले नव्हते तेवढी.

घे, हे माझ्याविरुद्ध वापरायचं तर वापर. पण चूक माझी, म्हणून सरडा तुझा, असा हिशेब माझ्याकडे मांडू नकोस. चूक माझी आहे तर निस्तरणारही मीच.

१७ मार्च

साहेबांनी काल रातकिड्याचा पाठलाग केला.

मी हे पुन्हा लिहिते, कारण मलाच लिहायला छान वाटतंय. पोट जमिनीवरून उचललं, मान पुढे काढली आणि धावले. नेम चुकला, समोरच्या काचेवर नाक आपटलं, आणि मागच्या भिंतीकडे बघत बसले, जणू आपटायचंच होतं. दुसऱ्यांदा पकडला. आई टाळ्या वाजवत होत्या. दुकानात फ्रेम घ्यायला आलेल्या बाईंना वाटलं आमच्याकडे नातू चालायला लागला.

औषध चालू आहे. दुपारी खिडकी उघडून दगडावर बसतात, अंग पसरट करून, भाकरी भाजत ठेवावी तसे. आणि कात टाकायला लागलेत. पाठीवरून कागदासारखे पापुद्रे निघतात, आईंच्या बाहीला चिकटतात. डॉक्टर म्हणाली, अंग वाढलं की जुनी कातडी पुरत नाही, म्हणून टाकतात. इतके महिने एकदाही टाकली नव्हती. मी ते पापुद्रे झाडून टाकले, जपून वगैरे ठेवले नाहीत.

एक राहणार आहे. जबडा डावीकडे जरा वाकला तो वाकलाच. हाडं आता घट्ट होताहेत, पण वाकलेली तशीच घट्ट होणार. जिभेचं टोक तोंड मिटलं तरी बाहेर दिसतं. साहेबपणा त्यामुळे थोडा कमी झालाय, पण आम्हाला चालतं.

शनिवारी नक्की येतोस असं लिहिलंस. ये. दुकान उघडं असेल, मी टेबलाशी असेन.

२ एप्रिल

तू गेल्यावर हे लिहायला मला थोडे दिवस लागले. राग नव्हता. दुकानात काम होतं.

तू आलास तेव्हा हातात नवं कोरं खोकं होतं, कडी असलेलं, भोकं पाडलेलं. आईंनी चहा दिला. तू चहा घेत घेत घर बघत होतास. खुर्ची कुठे गेली, कपाट तिकडे का, भिंतीवर ही खुंटी कधी मारली. मग साहेबांना उचललंस. मी अडवलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. अडवायला मी दारात उभी राहणार होते, दिवसभर मनात तेच घोकत होते. पण तू त्यांना हातावर घेऊन उलटं केलंस, बाजारात वांगं उलटून बघावं तसं, जबड्यावरून बोट फिरवलंस, जिभेचं ते टोक बघितलंस. आणि म्हणालास, “हा तो राहिला नाही.”

मग त्यांना खाली ठेवलंस आणि खोक्याची कडी लावलीस. रिकामी.

मी ज्या भांडणाची सगळी तयारी करून बसले होते, ते भांडण झालंच नाही. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तू माझ्या उत्तराची वाट बघत थांबला होतास आणि मला सवय नव्हती. आता बोलते.

बरोबर आहे तुझं. तो तो राहिला नाही. तू पेन्सिलीएवढा ठेवून गेला होतास, तो आता पेन्सिलीच्या पुढे चार बोटं गेलाय. जबडा वाकडा आहे आणि त्या वाकड्या जबड्याने दिवसाला इतके रातकिडे खातो की आई म्हणतात, आता आपणच पाळू या. तुला तो हवा होता जसा होता तसा. खुर्ची खिडकीशी असावी, आई स्वयंपाकघरात असाव्यात, आणि तू कधीही आलास तरी मी तुला त्याच जागी सापडावं. अशी वस्तू बनवता येते. मी रोज बनवते. पण तिच्या आत जिवंत काही ठेवायचं नसतं, हे मला साहेबांनी शिकवलं, आणि त्याची किंमत त्यांनी जबड्याने मोजली.

जाताना दारात तू विचारलंस, लग्नाचा फोटो तरी ठेवलायस ना. ठेवलाय. नव्हे, होता. या पत्राबरोबर पार्सल येईल त्यात तो आहे. नवी फ्रेम केलीय, आणि वर साहेबांच्या डोक्यावरून काढलेली तीच काच लावलीय. मापाला कापताना आईंनी पट्टी धरली होती. रेघ मारण्याआधी त्या म्हणाल्या, “नक्की?” मी म्हटलं, नक्की. मग त्यांनी पट्टी दाबून धरली आणि काच एका फटक्यात सरळ तुटली, बाबांनी शिकवलं होतं तशी. काचेचा उरलेला तुकडा शिंपीकाकांच्या नातीच्या चित्राला पुरला नाही, त्यांना मी तसलीच दुसरी काच दिली.

पार्सल उभं ठेव, आडवं ठेवलंस तर तडा जाईल. भिंतीवर हवा तिथे लाव, थेट उन्हात लावलास तरी हरकत नाही. आपण दोघं त्यात आहोत तसे राहू, माझी जबाबदारी. पुसायला कोरडं मऊ फडकं वापर.

आईंचा निरोप आहे: भेटायला केव्हाही ये, येताना हातात खोकं नको.

आता आवरते. खिडकी उघडी आहे, ऊन आत आलंय, आणि काचेवर नखं वाजताहेत. साहेबांना भूक लागलीय.